मांडू

तीळ जरा जास्तच भाजले गेले.
खलबत्त्यात कुटताना त्यांचा वास
ओटा ओलांडून ठगूबाईंच्या दारापर्यंत गेला असणार,
कारण कोबीला मीठ चोळून
मी जुन्या पंचात पिळते आहे तोच
त्या चौकटीत उभ्या.
"काय करी ऱ्हायनी वं?"

म्हटलं, मांडू.
"काय मांडू? पाट मांडू का संसार मांडू?"
म्हटलं, नाव आहे ते. कोरियातलं.

ठगूबाई मांडे करतात.
अमळनेरपासून पारोळ्यापर्यंत लग्नांना बोलावणं येतं.
पुरण पोटात घेतलेली कणीक
त्या हातांवर झुलवत कोपरापर्यंत नेतात
आणि उपड्या खापरावर अशी टाकतात
की बघणाऱ्याचा श्वास तिच्याआधी खाली पडतो.
त्यांच्यासमोर मी
वाटीच्या काठानं पाऱ्या कापत होते,
गोल लाटता येत नव्हत्या म्हणून.

त्यांनी सारण बोटानं चिवडलं.
पनीर, कोबी, कांद्याची पात, आलं,
आणि चैतात गच्चीवर वाळवलेल्या शेवया,
उकडून, बारीक चिरून.
तिकडे रताळ्याच्या पिठाच्या घालतात, काचेसारख्या.
"शेवया? तिखटात?"
असं पाहिलं, जसं मी कुणाची लेक
चुकीच्या घरी दिली.

हे सगळं मी रात्री शिकले,
मोबाइलचा आवाज बंद करून.
शेजारी हे झोपलेले, पहाटे यार्डात तोलाई.
पडद्यावर एक बाई एकटी बसून घड्या घालायची.
ओठ हलायचे, ते कळायचे नाहीत.
हात कळायचे.
आधी अर्धा चंद्र, मग दोन्ही टोकं वळवून
एकमेकांत अडकवायची,
थंडीत बाई हात पोटाशी धरून बसते तशी.

माझी टोकं सुटत होती.
ठगूबाई खाली बसल्या, पदर खोचला,
काठावरून ओलं बोट फिरवलं,
करंजीला घालतात तशी मुरड घातली
आणि टोकं जुळवली.
ताटात माझ्या सातांमध्ये तो
जावयासारखा बसला.

मग मी बोलून गेले:
तिकडे म्हणतात, जी सुबक मांडू वळते
तिला देखणी मुलगी होते.

त्यांचा हात थांबला.
"माले तीन आंडोर,
आन् हाई तू माले आते सांगस?"

हसलो. पीठ उडालं, ठसका लागला,
त्यांनीच पाणी दिलं.
हसणं ओसरल्यावर
त्यांनी माझ्या सातांकडे पाहिलं नाही.
मुद्दाम पाहिलं नाही, हे मला दिसलं.
धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंची फाईल
गव्हाच्या कोठीवर आहे, तीन वर्षं.
कोठी उघडताना ती बाजूला ठेवते,
गहू काढते, परत वर ठेवते.

"पानी जास्त लावस तू,"
एवढंच म्हणाल्या.

फुनक्यांची चाळणी काढली.
तळाला केळीचं पान, झाकणाला फडकं,
आणि दहा मिनिटं आम्ही दोघी
पातेल्याच्या आवाजाकडे कान देऊन.
झाकण काढलं.
फुटला होता तो त्यांचाच.
पुरणाचा हात, सारण ठासून भरलेलं.
माझे सात वेडेवाकडे,
पण मिटलेले.

जळगावहून भाच्यानं आणलेली सोया सॉसची बाटली
त्यांनी हुंगली आणि बाजूला सारली.
शेंगदाण्याच्या ठेच्याशी तीन खाल्ले.
फुटलेला आधी.
चवीबद्दल अवाक्षर नाही.
दारापर्यंत गेल्या, चपला शोधल्या,
पिठाचे हात चौकटीला पुसले
आणि मागे न वळता विचारलं,

"आते परत कवय मांडूत?"