मोजणी

सात वर्षं बाहियातल्या त्या हमरस्त्याच्या कडेला
काळ्या ताडपत्रीखाली काढल्यावर
सरकारी मोजणीवाला आला.
तिवई मांडली, एक डोळा मिटला
आणि निलगिरीच्या बुंध्यांमधून
पांढरे खुंट ठोकत गेला
पार ओढ्यापर्यंत.

दोनदा उठवलं होतं आम्हाला.
पहिल्यांदा घोडे आले. त्यांच्यापुढून पळताना
हातातलं पातेलं हातातच राहिलं.
दुसऱ्यांदा नुसता कागद आला,
तेव्हा मात्र दाणा भरलेला मका टाकून उठलो.

शाळेच्या पालात, जेनिव्हाल्दोच्या टोपीत
चौसष्ट चिठ्ठ्या.
दोना इरासिल्दाला एकेचाळीस नंबर निघाला :
ओढ्याकाठ, भुसभुशीत माती,
कसावा नुसता खोचला तरी येईल.
टाळ्या पडल्या.
तिनं चिठ्ठी उलटून पाहिली,
मागं आणखी काही लिहिलंय का.

"आणि एदेव्हाल्दो कुठं?"
त्रेसष्ट नंबर. टेकडीपलीकडं, चार किलोमीटर.

सात वर्षं त्याचा खोकला
तिच्या ताडपत्रीतून आत यायचा.
खोकल्यानं तिची झोप कधी मोडली नाही,
तो थांबला तेव्हा मोडली, एका रात्री.
ती उठून गेली, म्हणून तो आज आहे.

तीन रात्री वाद चालला.
ती म्हणाली, संत्र्याच्या फोडींसारखे तुकडे पाडा,
टोकं एकत्र येतील तिथं घरं,
मधोमध विहीर.
मोजणीवाला म्हणाला, फॉर्मवर चौकोनच आहेत.
लिंदाउरा म्हणाली, सात वर्षं नवऱ्याशी
कुजबुजत भांडले मी,
आता ओरडायला रान हवं.
सगळे हसले.
लिंदाउरा हसत नव्हती.

शेवटी सत्तावीस घरं फोडींना राजी झाली.
मी नाही झाले.
माझं घर माझ्या चौकोनाच्या मधोमध आहे,
चारी बाजूंनी माझाच मका,
हाक मारली तर मलाच ऐकू येते.

पहाऱ्याची वही तेव्हा माझ्याकडं असायची,
रात्री पालापालाशी जाऊन माणसं मोजायची.
वही भरली, परत दिली.
सवय परत कुणाला द्यायची?
अजून निजण्याआधी उंबऱ्यात उभी राहते,
खाली त्या घोळक्यातले दिवे मोजते.
सत्तावीस भरले की दार लावते.

काल सव्वीसच भरले.
पुन्हा मोजले.
मग अंधारात पायानंच
चपला शोधल्या.