अकरा फुटांची काठी

आधी काठी आत आली,
मग दाराची घंटा, मग लुर्डेस.
फॉल रिव्हरपासून गाडीच्या खिडकीतून
टोक बाहेर काढून आणली म्हणे.
'भावाची होती. मला जमेल ना?'

चौदा वर्षं या दुकानात दोरा गुंडाळतोय मी.
ऑक्टोबरात बास दक्षिणेला निघाला
की ज्याला त्याला लांबच काठी हवी,
जणू मासा पार अझोरेसच्या धक्क्याला टेकलाय.
आणि तो असतो गुडघाभर पाण्यात,
पहिल्या लाटेमागच्या चरात,
आपल्या बुटांपासून चार हात.

म्हटलं, धरून बघ.
तिनं धरली;
खरं तर काठीनंच तिला धरलं होतं.
'नऊ फूट घे. बुडाशी ताठ, शेंड्याला नरम.
दोरा विणलेला, तीस पौंडी,
पुढे वावभर जाड नायलॉन,
खडकाला घासलं तरी निभावणारं.'
बिलाच्या पाठीवर तिनं सगळं उतरवलं,
'नरम'खाली रेघ मारली.

रीळ मात्र जुनंच हवं होतं.
चांगलं होतं. तेल पाजलं की अजून दहा वर्षं.
वरचा दोरा तो दर वसंतात बदलायचा,
तळाचा नाही बदलला कधी.
मी ओढत गेलो, पिवळा, उन्हानं कडक,
काउंटरखाली ढीग.
मग बोटाला गाठ लागली.
गाठ कसली, वाटाण्याएवढा गबाळा गोळा!
कोणीही कापला असता. मी तर नक्कीच.
'माझी आहे ती,' लुर्डेस म्हणाली.
'नऊ वर्षांची होते. तो म्हणाला, टिकेल.'

इतक्या खोलवरची गाठ पाण्याला लागते
फक्त मोठा मासा धावत सुटला तर.
काहींच्या उभ्या जन्मात नाही लागत.

मी कात्री बाजूला सरकवली.
तळ तसाच ठेवला, गाठीसकट.
नवा दोरा त्याला जोडायचा होता,
तो तिच्याच हातात दिला.
पाच वेढे, मग उलट पाच, मी सांगत होतो.
तिनं सात घातले.
थुंकीनं ओली केली, ते बरोबर,
आणि दातांनी आवळली, ते साफ चूक.
माझे हात शिवशिवत होते.
ओढून पाहिली नाही.

नवी काठी मागच्या सीटवर मावली.
जुनी आली तशीच गेली,
खिडकीतून टोक बाहेर,
सिग्नलला थांबली तेव्हाही
थोडं थोडं हलत होतं.