तळाशी चुंबक असतो

कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय: गिअरबॉक्सचं ऑइल
आयुष्यभरासाठी.
टिंबर मार्केटमागच्या शेडमध्ये इलाही तांबोळी
पान उलटतो, परत मागे येतो, विचारतो,
"ताई, कुणाच्या?"

ब्याण्णव हजार किलोमीटर. अकरा वर्षं.
धनकवडी ते लक्ष्मी रोडची लॅब, लॅब ते धनकवडी,
वर्षातून दोनदा वाईला मावशीकडे, खंबाटकी चढून.
मी आकडा सांगते, तो हात झटकतो.
"हा चाललेला आकडा. उभी किती राहिली ते सांगा.
स्वारगेटला, सातारा रोडला,
ब्रेकवर पाय आणि गाडी डीमध्ये.
चाक हलत नाही, पण आत ऑइल तापतंच ना?
ते कुठल्या काट्यावर दिसतं?"

मग स्वतःच हिशेब करतो,
ग्रीसने माखलेला अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत:
हायवेला साठ हजार. पुण्यात चाळीस धरा.
म्हणजे दोनदा चुकलं.

खड्ड्यात उतरून त्याने खालचा नट सैल केला.
थेंबासाठी कागद मी दिला, पर्समधला, फिल्टर पेपर.
सव्वीस वर्षं मी लोकांचे थेंब बघत आलेय:
रक्त, लघवी, गुडघ्यातून काढलेलं पाणी.
रंग, वास, गाळ. बघायचं, लिहायचं,
रिपोर्ट न्यायला आलेल्या माणसाला
चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही.

इलाहीचा चेहरा तसा नाही.
"नवं असतं तेव्हा लालभडक, कोकम सरबतासारखं.
आणि हे बघा."
दिवसभर उकळलेल्या टपरीवरच्या चहाचा रंग.
मी वास घेतला.
तव्यावर विसरलेला लसूण.

सगळं काढून टाका, मी म्हटलं, आतून धुऊन टाका.
तो जरा गप्प झाला.
"वेळेवर आला असतात तर धुतलं असतं.
आता आतल्या प्लेटा झिजल्यात,
आणि त्या झिजेचीच पूड त्यांना धरून ठेवते.
एकदम स्वच्छ केलं तर घसरतील.
साडेतीन लिटर काढू, तेवढंच घालू.
हजार किलोमीटर चालवा, मग परत या. मग परत.
थोडं थोडं विसरू द्या तिला."

माझा डावा पाय
मी दीड वर्षाची असताना तापात गेला.
मी त्याला काही शिकवलं नाही,
त्यानेही माझ्याकडे काही मागितलं नाही.
क्लच नावाची वस्तू मी फक्त भावाच्या तोंडून ऐकलेली,
"तुला नाही जमणार" या वाक्याच्या अलीकडे.
म्हणजे अकरा वर्षं
पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात
जो पाय माझ्यासाठी उचलला जात होता
तो या तेलात बुडालेला होता.
आणि मी काच पुसली, सीट कव्हरं बदलली,
दसऱ्याला झेंडूचा हार घातला बॉनेटवर.

पॅन उघडला. तळाशी चुंबक, जुन्या रुपयाएवढा,
त्यावर काळी मऊ लव,
मांजरीच्या कानामागे असते तशी.
इलाहीने ती फडक्याने पुसली, उजेडात धरली.
"एवढी असायचीच.
तुकडे निघाले असते तर मी वेगळं बोललो असतो."
हा रिपोर्ट मला लगेच समजला.

पर्समध्ये लेबलंही असतात.
एक सन-व्हायजरच्या मागे चिकटवलं, त्यावर बारीक अक्षरात:
वय अकरा. रंग तपकिरी. वास जळका. धातूचे कण, सूक्ष्म.
पुढची तपासणी त्र्याण्णव हजारला.

सातारा रोडला सिग्नल लागला. नव्वद सेकंद.
मागचा रिक्षावाला आत्तापासूनच हॉर्नवर.
मी डीवरून एनवर आणलं
आणि तिला म्हटलं,
टेक जरा.