अडीच तारे

शुक्रवारी दुपारी, शेहेचाळीस अंशांत,
वर्धा रोडच्या मॉलमध्ये आम्ही अकरा जण.
त्यातले चार निव्वळ एसीसाठी आलेले,
एक तर नावं संपायच्या आत घोरू लागला.

त्र्यंबक गणोरकरांचा रहस्यपट. नऊ वर्षांनी.
वय अठ्ठ्याहत्तर.
महालातल्या कुठल्याशा बोळात वाढलेला हा माणूस
एकेकाळी पडद्यावर नुसता जिना दाखवायचा
आणि अख्ख्या थिएटरचे पाय गार पडायचे.
मी नववीत होतो तेव्हा. पोट दुखतंय सांगून शाळेतून पळालो.
जिना पाहिल्यावर ते खरंच दुखलं.

या वेळी मध्यंतरालाच कळलं, खून कुणी केला.
पॉपकॉर्नच्या रांगेत एक मुलगी फोनवर सांगत होती,
जावई आहे, लिहून घे.
बरोबर होतं तिचं.

रात्री डेस्कवर ठवरेनं जागा दिली, चारशे शब्द,
खाली आवळ्याच्या तेलाची जाहिरात.
लिहिलं : पकड सैल.
लिहिलं : सावल्या त्याच, धाक गेला.
मुंबईच्या एकानं 'उस्तादाची थकलेली सही' म्हटलं होतं,
ते आपल्याला सुचलं नाही याची चुटपुट लागली.
पुण्याच्या एकानं 'अभिजात' म्हटलं.
तो सगळ्यांनाच म्हणतो.
तारे दोन दिले. मग जिना आठवला,
अर्धा वाढवला,
म्हाताऱ्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तसा.

शनिवारी तर्री-पोह्याच्या गाडीवर
बंडू नेवारे माझं परीक्षण वाचत होता,
त्यावर पोहे ठेवण्याआधी.
"पाह्यला मी. लास्ट शो.
खुनी तं मले पयलेच समजला, भाऊ, त्याच्यात काय ठेवलं हाय.
पन बेल वाजते, तो बुढा उठते, कडीवर हात ठेवते
अन् मंग दार काऊन नाई उघडत?"
तर्रीची पळी हवेतच राहिली होती.

पटकथेतली ढिलाई, मी म्हणालो.
"अस्सं," तो म्हणाला,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, कांदा देऊ का.

साडेतीन मिनिटं. मी पाहिली होती ती.
कडीवरचा हात, हातावरच्या शिरा, दाराखालची
दोन पावलांची सावली.
बाहेर कोण आहे ते आपल्याला ठाऊक.
म्हाताऱ्यालाही ठाऊक असावं,
आणि भीती दिसत नाही तोंडावर, दुसरंच काहीतरी.
वहीत त्या जागी एकच शब्द सापडला,
अंधारात लिहिलेला, ओळ सोडून खाली घसरलेला :
लांबलं.

गुरुवारी पुन्हा गेलो. काढला होता.
खिडकीतल्या पोरीनं विचारलं, दुसरं काही बघता का सर.

घरी आलो. कूलरमध्ये पाणी भरत होतो,
बेल वाजली.
ओल्या हातानंच कडी धरली
आणि मोजत राहिलो. चाळीसपर्यंत गेलो असेन.
पावलं जिना उतरून गेली.

कुरिअरवाला होता.
पाकीट शेजारच्या उके बाईंकडे ठेवून गेला.