साडेतीनशे मिलिव्होल्ट

हर्णै बंदरात, डिझेलच्या आणि सुकटीच्या वासात,
'चंपावती'च्या तळातल्या सेन्सरपासून केबिनपर्यंत
अकरा हात केबल
आज तिसऱ्यांदा ओढली.

पहिल्या खेपेला एकच तार होती, परतीला इंजिनाचं लोखंड.
इंजिन धडधडलं की पडद्यावर मासळीचे थवे.
दोनदा जाळं रिकामं आलं तेव्हा
हरेश्वर पावसे म्हणाले,
"तुझं यंत्र सपनं बघतंय गो."

मग दोन तारा, एकमेकींना पीळ घालून.
बोर्डावरही त्यांच्या वाटा मोजून सारख्या,
कोपऱ्यावर एकीला लांब पडलं
तर दुसरीला मुद्दाम नागमोडी वळसा.
एक चढते तेव्हा दुसरी उतरते,
एवढंच त्यांचं बोलणं.

"दाब किती?"
साडेतीनशे मिलिव्होल्ट.
"म्हंजे कायच नाय. माझी बॅटरी चोवीसची हाय."

मी त्यांना धक्क्याबाहेरचे दोन मचवे दाखवले,
कडेला कड लावून बांधलेले.
लाट आली, दोन्ही उचलले गेले. गेली, दोन्ही बसले.
मधे अडकवलेला टायर होता तसाच.
इंजिनाचा गोंगाट दोघींवर सारखाच चढतो, काका.
पलीकडची चिप लाट मोजत नाही,
मधलं अंतर मोजते.

तरी पडदा थरथरायचा.
रात्री दोन वाजता आठवलं,
शेवटाला शंभर ओहम लावायचे राहिले.
धक्क्याच्या भिंतीवर आपटून लाट मागे फिरते,
येणाऱ्या लाटेच्या अंगावर जाते.
पुळणीवर तीच लाट पसरते, जिरते.
तांदळाच्या कणीएवढा रोध,
चिपच्या अगदी पायाशी डाग दिला.
बोट भाजलं, ते अजून दुखतंय.

आणि आजचं कारण:
स्टार्टर दाबला की पडदा काळा.
दोन टोकांच्या जमिनीत व्होल्टभराचा फरक
ती चिप निमूट पोटात घालते,
त्यापुढे नाही. मी तरी कुठे घालते?
म्हणून तिसरी तार, जाड, काळी,
दोन्ही टोकांना एकच जमीन देणारी.
सांध्यांवर ग्रीस, खाऱ्या वाऱ्यासाठी.

संध्याकाळी दीपगृहाच्या पुढे गेलो.
इंजिन पूर्ण ताकदीवर.
पडद्यावर एकोणीस वावांवर तळाची रेघ,
सरळ, बारीक,
वर काहीच नाही.

पावसे बराच वेळ बघत राहिले.
"मासळी नाय," म्हणाले,
आणि सुकाणू फिरवलं.
जाळं टाकलं नाही.