किमान देय रक्कम

मैथिली झोपली. ओजस झोपल्याचं नाटक करतोय.
श्रीरंग हॉलमधला दिवा लावत नाही,
स्वयंपाकघरातला पुरे, म्हणतो.
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, तिसरा मजला.
समोरच्या इमारतीत कुणीतरी अजून मिक्सर फिरवतंय.

टेबलावर कागद मांडलेत.
या टेबलापाशी आम्ही दोघं एकाच वेळी
शेवटचे कधी बसलो होतो?
टेबलही हप्त्यांवरचंच,
फिटलं म्हणे मागच्या दिवाळीत.

तीन कार्डं त्याची. ती मला माहीत होती.
मग मी उठले, तुरीच्या डाळीचा डबा काढला,
कोपरापर्यंत हात घातला
आणि चौथं त्याच्यापुढं ठेवलं.
माझ्या नावाचं. डाळीची भुकटी लागलेलं.

आई याच डब्यात पैसे लपवायची.
भिशीचे, दूधवाल्याकडून उरलेले,
बाबांना न सांगता मागे टाकलेले,
नोटेची घडी, घडीची घडी.
डबा तोच, पितळी, तिनं मला रुखवतात दिलेला.
मी त्यात उणे एक लाख बारा हजार लपवले.

वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.
त्यानं कार्डावर फुंकर मारली
आणि माझं नाव वाचलं,
इंग्रजी अक्षर अक्षर लावत,
लग्नपत्रिका तपासायला दिल्यासारखं.

मग मांडणी.
अण्णांची अँजिओप्लास्टी. तिला कोण काय म्हणेल.
पण तिच्याखाली कूर्गचं रिसॉर्ट,
त्याखाली शाळेची फी, दोन जोड बूट,
त्याखाली एक पिझ्झा, तीनशे नव्वद,
जो कुणी खाल्ला ते दोघांनाही आठवत नाही
आणि ज्यावर आम्ही वर्षभर व्याज भरतोय.
महिन्याला साडेतीन टक्के.
श्रीरंगनं बारानं गुणलं
आणि मोबाइल पालथा घातला.

बँकेची मुलगी फोनवर किती गोड बोलते.
मर्यादा वाढवून द्यायला एका पायावर तयार,
खाडीतल्या फ्लेमिंगोसारखी.
आणि बिलाच्या कोपऱ्यात दर महिन्याला तेच शब्द:
किमान देय रक्कम.
म्हणजे एवढं टाका,
नाक तेवढं पाण्याबाहेर राहील.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," तो म्हणाला,
थेट अण्णांच्या आवाजात.
"अंथरूणच हप्त्यावर घेतलं होतं," मी म्हणाले, "गादीसकट."
आम्ही हसलो, पोरं उठतील म्हणून तोंडावर हात दाबून,
ते हसू थांबेचना,
मग ते हसू राहिलं नाही.

मी म्हणाले, दोन बांगड्या मोडू.
तो म्हणाला, एकही नाही.
मी म्हणाले, त्या माझ्या आहेत.
तो म्हणाला, म्हणूनच.
बांगड्या तशाच राहिल्या, हातातही आणि बोलण्यातही.
महापेला आता रिक्षा नाही, एनएमएमटी.
आधी लहान कार्ड फेडायचं की महागडं, यावर वाजला एक.
"आणि स्केटिंगचा क्लास," तो हळूच म्हणाला,
"ते ओजसला कोण सांगणार?"

आतल्या खोलीतून आवाज आला:
"मला नाहीतरी स्केटिंग आवडत नाही."

चाकं उशाशी घेऊन झोपणारा मुलगा.

श्रीरंगनं यादीतली ती ओळ खोडली.
मग पुन्हा लिहिली, पेन्सिलीनं.

सकाळी फ्रीजवर एक कागद होता,
एकतीस महिने, एकतीस चौकोन.
मैथिलीनं दात घासता घासता मोजले.
"हे संपल्यावर काय येणार?"
"काही नाही," मी म्हणाले.
"मग वाट कशाची बघतोय?"
"त्याचीच."

तिला ते पटलं असावं.
तिनं खडू आणला आणि पहिला चौकोन गुलाबी करून टाकला.
हप्ता अजून भरायचा होता.