आधी कंदील

हरिपुरात पेव उघडायचं म्हणजे
सकाळी तोंडावरची शिळा सरकवायची
आणि दुपारपर्यंत काहीच करायचं नाही.
चिंचेखाली बसायचं, तंबाखू मळायची.
व्यापारी येरझारा घालायचा, घड्याळ बघायचा.
हैबती नाना म्हणायचे,
"तीन वर्सं कोंडलेला वारा हाय, शेट.
त्याला आधी भाईर येऊ द्या."

मग दोरीला बांधून कंदील सोडायचा,
पंधरा हात खाली, पिवळ्या अंधारात.
ज्योत विझली, तर आज काम नाही.
भाव चढला असो, ट्रक उभा असो,
कंदिलाला ह्यातलं काही ऐकू येत नसे.

मी आता कुपवाडला कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळी करतो.
हळद तीच, पोत्यांना बारकोड.
वीज जाते म्हणून जनरेटर आणला,
तो बिघडतो म्हणून दुसरा,
दोघांवर नजर ठेवायला सेन्सर,
सेन्सर खोटं बोलतो म्हणून पुण्याचा इंजिनियर,
तो फोन उचलत नाही म्हणून वार्षिक करार,
करार वाचायला वकील.
हळद टिकते पूर्वीइतकीच.
ह्यात चुकलं कुठे, मला दाखवता येत नाही.
प्रत्येक पायरी बरोबरच होती,
रजिस्टरात सही माझीच आहे.

पण पेव अमर होतं असंही कुणी सांगू नये.
पुराचं पाणी तोंडातून आलंच नाही,
भिंतींतून आलं,
कृष्णा नि वारणा, दोघी एकदम.
सगळी पेवं एकाच काठाला, एकाच मातीत;
ज्या मातीनं राखलं, तीच आत बसली.
नाना मोजत उभे होते. चाळीसनंतर थांबले.
दिवाळीपर्यंत गावाला कुजक्या हळदीचा वास.

त्यांची सून सुगंधा
दरसाल चार गुंठे बेण्यापुरते
माहेरी बेडगच्या माळावर लावायची.
लोक हसायचे: नदी सोडून माळावर हळद!
तिच्याकडे मोठं उत्तर नव्हतं.
"बेणं एका घरात ठेवू नये," एवढंच.
पुढच्या वैशाखात तिनं पाट्या भरभरून वाटल्या.
परत द्यायचं, पण मला नाही,
ज्याच्याकडे नसेल त्याला.
दोघांनी दिलं नाही.
तिनं नावं लिहिली नव्हती,
विसरलीही नाही.

काल रात्री दीडला वीज गेली.
दोन्ही जनरेटर लागले, सगळे दिवे हिरवे.
तरी मी दार उघडून उंबऱ्यातच थांबलो,
नाकानं अंधार चाचपत.
आणि ध्यानात आलं,
पेवात उतरणाऱ्याची दोरी
वर कुणाच्या तरी मुठीत असायची.
इथं मी एकटा. दोरी कुठल्या शहरात, कोण जाणे.

नानांचा कंदील घरी आहे, काच तडकलेला.
उद्या डब्याबरोबर आणावा म्हणतो.
मॅनेजर विचारेल, कशाला?
बघू.
बरोबर कुणाला तरी बोलवावं लागेल
दाराशी उभं राहायला.